इलेक्ट्रॉनांच्या जोडीचे गणित
अतिसंवाहकतेचा शोध 1911 चा; तिचा उलगडा 1957 चा. लायडनच्या प्रयोगशाळेत कामरलिंग ओनेस यांनी पारा 4.2 केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. तो का, याचा विचार आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन अशा सर्वांनी केला. उत्तर कुणालाच सापडले नाही.

इलेक्ट्रॉन तर एकमेकांना दूर लोटतात. मग ते एकदिलाने वागतात कसे? 1950 साली पाऱ्याच्या समस्थानिकांनी धागा दिला. अणू जितके जड, तितके अतिसंवाहकता सुरू होण्याचे, म्हणजे संक्रमण तापमान किंचित कमी. म्हणजे या प्रकरणात अणूंच्या कंपनांचाही हात होता. इलेक्ट्रॉन जवळून गेला की धन आयन त्याच्याकडे सरकतात. पण ते जड असल्याने जागेवर परतेपर्यंत तो लांब गेलेला असतो. मागे साचलेला धनभार दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ओढतो. हे आकर्षण कितीही क्षीण असले तरी जोडी जमते, हे लिऑन कूपर यांनी 1956 मध्ये दाखवले.

एका जोडीने मात्र धातू समजत नाही. एकाच जोडीच्या पसाऱ्यात इतर लाखो जोड्या गुंतलेल्या असतात. इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन यांचे विद्यार्थी असलेल्या 25 वर्षांच्या रॉबर्ट श्रीफर यांना या गुंत्याचे तरंगफलन सुचले ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत. जोड्या मोजायच्याच नाहीत. प्रत्येक अवस्थेत जोडी असण्याची शक्यता तेवढी मांडायची. इलेक्ट्रॉनांची एकूण संख्यासुद्धा त्यात पक्की नाही! सिद्धांताचे खरे धाडस इथे आहे. 1972 चे नोबेल बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांना मिळाले.

1986 मध्ये बेडनोर्त्स आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये 30 केल्विनच्या वर अतिसंवाहकता आढळली. वर्षभरात हा आकडा 90 च्या पुढे गेला. कंपनांच्या ओढीने एवढी मजल समजावता येत नाही. या पदार्थांत इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण इतके प्रबळ असते की एकेकाचा वेगळा हिशेब लागत नाही. हबर्ड प्रतिमान हे या प्रश्नाचे सर्वांत साधे रूप, पण प्रत्येक जागेच्या 4 शक्यता धरल्या तर 36 जागांच्या जाळीतही 4 चा 36 वा घात, म्हणजे 47 वर 20 शून्ये इतक्या अवस्था होतात. संगणकही तिथे हात टेकतो. सर्वमान्य सिद्धांत आजही नाही.

अडचण फक्त उच्च तापमानाचीच आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथ 0.00053 केल्विनला अतिसंवाहक झाल्याचे 2016 साली जाहीर झाले. बिस्मथमध्ये लाख अणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. जुन्या सिद्धांताच्या चौकटीत तो बसत नाही.