टँक कोण होणार?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम चालवणारी ब्लिझार्ड कंपनी पैसे मोजले की जवळपास काहीही बदलून देते. पात्राचं नाव, वंश, सर्व्हर. इतकंच काय, आपला पक्ष सोडून थेट शत्रुपक्षात जायचीही रीतसर सोय आहे. मराठी वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र कितीही पैसे दिले तरी मिळत नाही, ती म्हणजे दुसरा क्लास. वॉरियर म्हणून जन्माला आलेलं पात्र शेवटपर्यंत वॉरियरच राहतं. मेज, म्हणजे जादूगार व्हायचं असेल तर नवं पात्र काढा आणि नव्याने सुरुवात करा.

गंमत अशी की जो निर्णय फिरवता येत नाही, तोच सगळ्यात आधी घ्यायला लावतात. अजून एक लांडगासुद्धा मारलेला नसतो, नकाशा कसा उघडायचा हे ठाऊक नसतं, आणि समोर क्लासची रांग उभी. 23 नोव्हेंबर 2004 ला गेम आला तेव्हा नऊ क्लास होते. पुढे डेथ नाइट, मंक, डीमन हंटर आणि 2022 मधला इव्होकर धरून तेरा झाले. प्रत्येकाचं दोन-चार ओळींत वर्णन असतं आणि त्यात सगळेच शूर, सगळेच भयंकर. मग नवखा खेळाडू विचारतो, यातला सगळ्यात पॉवरफुल कोण? चुकतं ते इथेच. माणूस ताकद निवडायला जातो आणि पदरात पडतं काम.

क्लासची कल्पना व्हिडिओ गेममधून आलेली नाही. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ काढला. त्यात तीनच क्लास होते: लढणारा, मंत्र टाकणारा आणि देवाच्या बळावर जखमा भरून काढणारा क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' हा नुसत्या मजकुरावर चालणारा, चित्रं नसलेला गेम लिहिला, त्यात हेच चार होते. 'एव्हरक्वेस्ट'ने 1999 मध्ये तो सांगाडा त्रिमितीत उभा केला, आणि वॉरक्राफ्ट घडवणाऱ्यांतले काही जण त्याच एव्हरक्वेस्टमध्ये रात्री घालवलेले. तत्त्व सगळीकडे एकच: प्रत्येकाला मुद्दाम अपुरं ठेवायचं. जो मार सोसतो त्याला जखम भरता येत नाही. जो जखमा भरतो तो दोन फटक्यांत आडवा होतो. एकट्याने निभत नाही म्हटल्यावर अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं.

क्लासच नको, असंही करून पाहिलं गेलं. 1997 च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये ज्याने त्याने आपली कौशल्यं वाढवायची, एकूण बेरीज 700 गुणांपर्यंत, त्यात तलवारबाजी घ्या नाहीतर सुतारकाम. मोकळं रान. खेळाडूंनी काय केलं? ठरावीक मिश्रणं शोधली, त्यांना 'टँक मेज' वगैरे नावं दिली आणि सगळे तेच घेऊन फिरू लागले.

वॉरक्राफ्टमध्ये एका डंजनला पाच जण जातात: एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस, म्हणजे मारा करणारे. टँकने राक्षसांचा मार अंगावर घ्यायचा, हीलरने त्याला जिवंत ठेवायचं आणि बाकी तिघांनी राक्षस संपवायचे. ऐकायला सोपं आहे. पण राक्षस टँकवरच का धावून जातो? जाड चिलखतवाल्याला सोडून मागच्या झगेवाल्याला का मारत नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरावर हा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून जरा जवळून पाहू. उदाहरण जुन्या गेमचं घेतो, जो 2019 मध्ये 'क्लासिक' नावाने पुन्हा सुरू झाला.

प्रत्येक राक्षसाकडे एक छुपी यादी असते. त्याला एक गुणाची इजा केली की तुमच्या नावावर एक गुण राग चढतो. कुणाला एक गुणाचं हीलिंग दिलं तर अर्धा गुण, तोही लढाईत असलेल्या सगळ्या राक्षसांत वाटून. वॉरियर बचावाच्या पवित्र्यात उभा असेल तर त्याच्या खात्यात तीस टक्के जादा. यादीत जो वर, त्याच्यावर हल्ला. मात्र त्याला खाली ओढायचं तर जवळून लढणाऱ्याला त्याच्या 110 टक्क्यांवर जावं लागतं आणि लांबून मारणाऱ्याला 130 टक्क्यांवर. हे आकडे पडद्यावर दिसत नाहीत, अंगवळणी पडावे लागतात. त्यामुळे चांगल्या मेजची पारख तो किती जोरात मारतो यावरून होत नाही. लढाई सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद तो हात आवरतो का, हे बघतात. ज्याला ते जमत नाही तो आधी मरतो, आणि मग चॅटमध्ये टँकला शिव्या देतो.

वॉरियरची अडचण आणखी वेगळी. मेज किंवा जखमा भरणाऱ्या प्रीस्टकडे मॅनाचा, म्हणजे मंत्रशक्तीचा, साठा भरलेला असतो. वॉरियरकडे असतो रेज, आणि तो शून्यापासून सुरू होतो. मार दिला किंवा खाल्ला की वाढतो. आता समजा, एखाद्या नवख्या प्रीस्टने काळजीपोटी लढाईच्या आधीच टँकवर मंत्राची ढाल चढवली. घाव ढालीवर विरतात, अंगावर येत नाहीत, म्हणून रेज पुरेसा साठत नाही. रेज नाही म्हणून राक्षसांना चिडवायच्या बहुतेक चाली वापरता येत नाहीत. तेवढ्यात प्रीस्ट एखादं हीलिंग टाकतो, यादीत वर सरकतो आणि सगळा जथा त्याच्याकडे वळतो. हेतू चांगला, चाल वाईट, पाचही जण स्मशानात. हा प्रकार जुन्या खेळाडूंपैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे.

हीलरचं काम बाहेरून दिसतं तसं अजिबात नाही. कलाकारांनी महिनोन्‌महिने खपून घडवलेला अजस्र ड्रॅगन समोर आग ओकत असतो आणि हीलर बघत असतो पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या पट्ट्यांकडे. कोणाची पट्टी उतरली, कोणाची उतरणार आहे, मॅना किती उरला. यष्टिरक्षकासारखीच ही गत: दिवसभर चेंडू अडवले तर कुणी ढुंकून पाहत नाही, एक झेल सुटला की सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरं काही आवडत नाही. इतरांनी या वाटेला जाऊ नये.

म्हणूनच टँक आणि हीलर यांचा दुष्काळ कायमचा. डिसेंबर 2009 मध्ये गेमने आपोआप गट जुळवून द्यायची सोय आणली आणि हा दुष्काळ घड्याळावर दिसू लागला. टँकने बटण दाबलं की गट तयार; डीपीएसवाला मात्र चहा करून, पिऊन, कप विसळून आला तरी रांगेतच. 2011 मध्ये कंपनीने ज्या भूमिकेची चणचण असेल तिला बक्षिसांची थैली द्यायला सुरुवात केली. तरी रांग काही संपली नाही. लोकांना मार खायची भीती नसते, चारचौघांत चुकायची असते. डीपीएस चुकला तर सहसा लढाई लांबते. टँक चुकला तर सगळे मरतात आणि कोणामुळे मेले हे सगळ्यांना कळतं.

डीपीएसमध्येही हाताला लागणारी चव निरनिराळी. मेज म्हणजे फ्रॉस्टबोल्ट: दीड ते तीन सेकंद मंत्र म्हणायचा, सोडायचा, पुन्हा म्हणायचा. असं हजारो वेळा. मग बसून पाणी प्यायचं. ते पाणी मेज स्वतःच मंत्राने काढतो, त्यामुळे गटातले बाकीचे कायम त्याच्यापुढे हात पसरून उभे. रोग, म्हणजे इथला चोर, दबकत जातो, दर दोन सेकंदांनी त्याला वीस एनर्जी मिळते आणि सगळा खेळ त्या तालावर. वॉरलॉक स्वतःचं रक्त जाळून मॅना मिळवतो, म्हणून हीलर त्याच्याकडे संशयाने बघतात. ड्रुइड अस्वल होऊन टँक बनतो, मांजर होऊन ओरबाडतो, जखमाही भरतो. पण क्लासिकमध्ये मेलेल्याला उठवायचा त्याचा मंत्र अर्ध्या तासातून एकदाच चालतो.

हंटर एकट्याने खेळायला सगळ्यात सोपा. दहाव्या लेव्हलला जनावर मिळतं, ते मार खातं, आपण लांबून बाण मारायचे. नवख्यांना सर्रास हंटरच सुचवतात. मी सुचवत नाही. साठाव्या लेव्हलपर्यंत माणूस एकटाच चालत येतो आणि मग गटात शिरला की आपलं जनावर आवरायचं असतं हेही त्याला ठाऊक नसतं. आवरलेलं जनावरही काय करू शकतं ते 13 सप्टेंबर 2005 ला दिसलं. झुलगुरुब नावाच्या डंजनमधला हक्कार हा बॉस खेळाडूंना संसर्गजन्य शाप देत असे. तो डंजनबाहेर जाऊ नये अशी रचना होती, पण शाप लागलेलं जनावर परत पाठवून शहरात बोलावलं की शापही सोबत येई. भर वस्तीत साथ पसरली, कमी लेव्हलची पात्रं पटापट मेली, आणि पुढे 2007 मध्ये साथरोगाच्या अभ्यासकांनी त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले.

आता त्या 'सगळ्यात पॉवरफुल' याद्यांबद्दल. चालू गेममध्ये दर पॅचला आकडे हलतात. आज कोणी वर असतो, उद्या त्याला नर्फ करतात, म्हणजे त्याची धार बोथट करतात. तासन्‌तास घालून पात्र वर न्यायचं आणि तोवर यादी उलटलेली. क्लासिक शेवटच्या जुन्या पॅचवर गोठवलेला असल्यामुळे तिथे याद्या खऱ्या ठरतात, पण मग त्यांचा वेगळाच जाच: जिकडे बघावं तिकडे वॉरियर आणि मेज.

यादीपेक्षा मोठा फटका बसला तो स्वप्न बघून निवडणाऱ्यांना. पॅलाडिन घ्या. चित्रात सोनेरी चिलखत, हातात भलामोठा हातोडा, धर्मयोद्ध्याचा रुबाब. 2005 मध्ये हा माणूस चाळीस जणांच्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या मोहिमेत, पोचला की गिल्ड, म्हणजे त्याचं खेळाडू मंडळ, त्याला सांगे, हातोडा ठेव, हीलिंग कर. चिलखत उतरवून हीलिंगला बरा असा कापडी झगा घालायचा आणि मागे उभं राहायचं. वर सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे, एकेकाला वेगळा, आणि प्रत्येक आशीर्वाद टिके फक्त पाच मिनिटं. शेवटचा उरकेपर्यंत पहिल्याचा संपत आलेला. पुढे एका क्लासच्या सगळ्यांना एकदम देता येतील असे, जास्त टिकणारे आशीर्वाद आले तेव्हा पॅलाडिनांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

या कायमच्या बंधनातून वाट काढली ती जपानी 'फायनल फँटसी 14'ने. तिथे एकाच पात्राला सगळी कामं शिकता येतात. हातातलं शस्त्र बदललं की काम बदललं. नव्या माणसाला मी डोळे झाकून हाच गेम सांगेन. 'गिल्ड वॉर्स 2'ने 2012 मध्ये वेगळाच डाव टाकला: हीलर नकोच, ज्याची जखम त्याने भरावी. वाट बघणं संपलं, पण लढाया विस्कळीत होऊ लागल्या, आणि 2015 मध्ये रेड आल्या तेव्हा हीलर मागच्या दाराने घरात आलाच.

आपल्याकडे या जातीचे गेम फारसे रुजले नाहीत, तरी कोरियाचा 'रॅगनरॉक ऑनलाइन' एके काळी भारतातही चालवला गेला. त्यात सगळे नॉव्हिस म्हणून जन्मतात, थोडं खेळून झाल्यावर काम निवडतात; निवड आधी आणि अनुभव नंतर, असा उलटा कारभार नाही. आणि सहा कामांतलं एक चक्क व्यापाऱ्याचं. मर्चंटला माल स्वस्तात मिळतो, विकताना भाव जास्त येतो आणि प्राँटेरा शहराच्या रस्त्यावर दुकान मांडता येतं. खेळणारा उठून जेवायला गेला तरी दुकान चालू. लढाईत बेताचाच, पण सगळ्यांना त्याच्याकडे यावं लागे.

तेव्हा निवडताना क्लासच्या थोरवीपेक्षा त्याच्या कंटाळवाण्या भागाची चौकशी करावी. राक्षस मारतानाची आतषबाजी सगळ्यांचीच छान असते. मधल्या वेळात काय करायचं आहे? पाणी वाटायचं, बाण विकत घ्यायचे, पट्ट्या बघायच्या, की सगळ्यांच्या पुढे चालून आपण रस्ता चुकलोय हे कबूल करायचं? आठवड्यातून दोनदा रात्री तासभर मिळणार असेल आणि मधेच बाळ उठणार असेल, तर टँक किंवा हीलर होऊ नका. बाकीच्या चौघांची रात्र तुमच्या घरच्या पाळण्याला बांधू नये. मित्रांचा गट असेल तर आधी त्यांना विचारा कोणाची जागा रिकामी आहे. बहुधा ती टँकचीच असते.

दोन-तीन क्लास दहाव्या लेव्हलपर्यंत चालवून पाहा, दोन संध्याकाळी पुरतात. वॉरक्राफ्टचा सध्याचा गेम विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळू देतो. त्यातलं न जमलेलं पात्र पुसायची घाई नको. बहुतेक जुन्या खेळाडूंचं असं एखादं असतंच. ते आयर्नफोर्ज शहरात टपालपेटी आणि लिलावघर यांच्या मधे उभं करून ठेवायचं आणि मुख्य पात्राच्या पिशवीत न मावणारी कातडी, पाला, खनिजं त्याच्याकडे धाडत राहायची. त्याला 'बँक ऑल्ट' म्हणतात. लेव्हल पाच, अंगावर फाटका सदरा, आणि खात्यात सोनं मुख्य पात्रापेक्षा जास्त.