महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस

शिवडी-परळच्या चाळींत महाड-माणगावकडची कितीतरी कुटुंबं आहेत. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यांतल्या लहान पोरालाही ठाऊक असतो, पण महाडच्या त्या वेळच्या नगराध्यक्षाचं नाव विचारा, बहुतेक जण गप्प! ते नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजेच सुरबानाना.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. महाड नगरपालिकेने मात्र १९२४ मध्ये तसा ठराव करून तळं खुलं केलं. तरी सवर्णांच्या धाकाने तिथे पाणी भरायला कोणी जाईना. म्हणूनच २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी स्वतः ओंजळीत पाणी घेतलं. त्या साऱ्या धामधुमीत जातीने कायस्थ असलेले टिपणीस उघडपणे बाबासाहेबांच्या बाजूला होते. छोट्या गावात, रोज त्याच शेजाऱ्यांची तोंडं बघत हे करणं मला भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला. गंमत बघा, तारीख पुन्हा ४ ऑगस्ट, साल १९२७!

टिपणीस मागे हटले नाहीत. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते कुलाबा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये तळ्यावरून चाललेल्या खटल्याचा निकालही हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

तुमच्या घरी महाडकडचं कोणी जुनं माणूस असेल, तर सुरबानानांच्या आठवणी विचारून इथे जरूर लिहा.