गंज काढावा, खूण राखावी

दिवाळीच्या तोंडावर तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करायची आपल्याकडे रीत आहे. जुनी वस्तू चकाकली म्हणजे नीट झाली, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली असते. जुन्या शस्त्रांच्या बाबतीत मात्र ती घात करते. अमेरिकेत झिजलेली, गंजलेली पिस्तुले विकत घेऊन फावल्या वेळात ती पूर्ववत करण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. किती घासायचे आणि कुठे थांबायचे, हाच या छंदातला कळीचा प्रश्न आहे.

तो समजून घ्यायला ‘एम १९११’ हे पिस्तूल सोयीचे. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले आणि कोल्ट कंपनीने बनवलेले हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. १९८५ मध्ये बेरेटाची निवड होईपर्यंत, मधल्या काही सुधारणांसह, तेच लष्कराचे मुख्य पिस्तूल होते. दुसऱ्या महायुद्धात त्याची मागणी इतकी वाढली, की टंकलेखन यंत्रांशी नाव जोडलेली रेमिंग्टन रँड आणि रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्याही ते बनवू लागल्या. शिलाई यंत्रांमुळे आपल्या घराघरांत ठाऊक असलेल्या सिंगर कंपनीने तर अवघी ५०० पिस्तुले बनवली. आज ती संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत दुर्मीळ पिस्तुलांत मोडतात. कोणते पिस्तूल कोणाचे, हे ओळखायचे ते पोलादावर उमटवलेल्या बारीक अक्षरांवरून, क्रमांकावरून आणि तपासनिसांच्या शिक्क्यांवरून. ही अक्षरे जेमतेम केसभर खोल असतात. गंजाबरोबर तीही घासली गेली, तर उरते ते फक्त चकचकीत लोखंड.

म्हणून आधी गंजाचा स्वभाव ओळखावा लागतो. तांबडा गंज हा लोखंडाचा पाणी धरून ठेवणारा ऑक्साइड. तो सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पापुद्रे सुटतात आणि ओल आत शिरत राहते. लोखंडाचाच दुसरा ऑक्साइड, मॅग्नेटाइट, काळा असतो आणि धातूला घट्ट चिकटून राहतो. जुन्या बंदुका-पिस्तुलांवरची निळसर काळी झाक म्हणजे या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. या प्रक्रियेला ‘ब्लूइंग’ म्हणतात. थर एकटा गंज रोखत नाही, पण तेल धरून ठेवतो आणि तेल ओलीला अडवते.

जुन्या पद्धतीच्या ब्लूइंगमध्ये पोलादावर मुद्दाम पातळ गंज चढू देतात, मग तो भाग उकळत्या पाण्यात ठेवतात. तांबडा गंज काळा होतो. वरची सुटी काजळी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. जाणकार छांदिष्ट हीच युक्ती जुन्या गंजावरही वापरतात. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेत ते सुटे करायचे, भाग तेलात भिजत ठेवायचे, मग शुद्ध पाण्यात उकळायचे. जिवंत तांबडा गंज काळ्या भुकटीत बदलतो आणि झाडून निघतो. शिल्लक राहिलेले मूळ ब्लूइंग बरेचसे शाबूत राहते. खड्डे दिसत राहतात, पण शिक्केही वाचता येतात.

याउलट, फिरत्या चाकावर पॉलिश केलेले पिस्तूल जाणत्या नजरेला लगेच कळते. सरळ कडा गोलसर होतात, भोकांच्या कडा खोलगट होतात, अक्षरे पुसट होतात. त्यावर कितीही सुंदर रंग चढवला तरी गेलेला धातू परत येत नाही. संग्राहक झिजलेल्या मूळ पिस्तुलाला नव्याने चमकवलेल्यापेक्षा अधिक किंमत देतात, ते याचमुळे.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्नही सोपा नाही. लष्करी शस्त्रागारांत ही पिस्तुले दुरुस्तीसाठी सुटी केली जात आणि हाताला येतील ते भाग घालून पुन्हा जोडली जात. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या सांगाड्यावर दुसऱ्या महायुद्धातला वरचा सरकता भाग बसलेला सापडतो. एकाच सालाचे भाग जमवून असे पिस्तूल ‘शुद्ध’ करणारे छांदिष्ट आहेत. पण ही सरमिसळ लष्करानेच केलेली. ती त्या वस्तूचा खरा इतिहास आहे. ती मोडून जुळवलेला संच दिसायला नेटका असतो, पण तसे पिस्तूल मुळात कधी कोणाच्या कमरेला नव्हते.

सुरक्षिततेचा भाग वेगळा. सुरुवातीच्या काळातले पोलाद आजच्या तुलनेत मऊ, त्यामुळे सरकत्या भागाला तडे जाण्याचा संभव असतो. तज्ज्ञ कारागिराने तपासल्याखेरीज असे पिस्तूल झाडू नये. क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा अमेरिकेत गुन्हा आहे. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुका-पिस्तुलांच्या दुरुस्तीलाच परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन शस्त्रांना तेवढी सूट आहे. त्यामुळे हा छंद इथे घरच्या टेबलावर करण्यासारखा नाही.

त्यामागचा विचार मात्र आपल्या उपयोगाचा आहे. खंडेनवमीला पूजेसाठी काढलेली पूर्वजांची तलवार काही घरांत लिंबाने, राखेने, आता तर पॉलिश पेपरने घासली जाते. पात्यावर एखादे नाव, एखादा शिक्का कोरलेला असेल, तर दरवर्षी तो थोडा थोडा पुसट होतो. मऊ कापड आणि तेलाचा पातळ हात एवढ्यावर भागवले, तर पूजा होईल आणि ते पाते कोणाचे होते, हे पुढच्या पिढीला वाचता येईल.