अभिप्रायाची वेळ

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी मुंबई उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील म्हणून कामाला लागले, तेव्हा पर्यावरणाच्या याचिका कुणी मागून घेत नसे. नाव व्हायचं ते भूसंपादनात, फौजदारी अपिलांत. पर्यावरणाची नस्ती म्हणजे जाडजूड गठ्ठा: नकाशे, प्रयोगशाळेचे अहवाल, चार खात्यांचा आपसातला पत्रव्यवहार, आणि सुनावणी उद्या. असा गठ्ठा नव्या माणसाच्या टेबलावर यायचा. तसाच तो माझ्याकडे आला, आणि पुढे कधी कोर्टात बाजू मांडताना, कधी खात्यांना लेखी अभिप्राय देताना, माझी वकिली त्यातच गेली.

कायदे तेव्हाही कमी नव्हते. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने स्वतःचा १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं केलं होतं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण राज्यघटनेत आणलं होतं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली, आणि जानेवारी १९९४ मध्ये ठरावीक प्रकल्पांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी सक्तीची झाली. पण हे सगळे कायदे पर्यावरण विभागाचे, आपले नाहीत, अशी बाकीच्या खात्यांची पक्की समजूत होती. रस्ता बांधणारं खातं रस्त्याचा कायदा बघे, भूखंड वाटणारं भूखंडाचा. खाडीत भराव टाकण्यापूर्वी कुणाला विचारावं लागतं, हे कित्येकदा याचिकेची प्रत हातात पडल्यावरच कळे.

मग १९९६ उजाडलं. त्या एका वर्षात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचा पायाच बदलला. किनाऱ्याच्या अधिसूचनेची अंमलबजावणी होत नाही म्हणून राज्यांना फटकारलं. वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात खबरदारीचं तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करण्याचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं. डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते सांभाळलं. डिसेंबरमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन निकाल आले. १२ तारखेला गोदावर्मन प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की मालकी कुणाचीही असो, जे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल आहे ते वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेत येतं. १३ तारखेला कमलनाथ प्रकरणात सांगितलं की नद्या, किनारे, वनं यांचं राज्य मालक नाही, विश्वस्त आहे.

सल्ला देणाऱ्या सरकारी वकिलासाठी या शेवटच्या निकालाइतकं महत्त्वाचं दुसरं काही घडलं नाही, असं मी आजही म्हणेन. त्याआधी माझा अशील म्हणजे ज्या खात्याचं पत्र आलं ते खातं. त्यानंतर मला प्रत्येक नस्तीवर विचारावं लागलं की हे खातं राज्य आहे का, की राज्याचा एक हात आहे जो दुसऱ्या हाताने राखायची वस्तू मोडतो आहे? एकाच याचिकेत महसूल खात्याचं म्हणणं एक, वनखात्याचं दुसरं आणि नगरविकासाचं तिसरं, हे मी वारंवार पाहिलं आहे. न्यायमूर्ती विचारतात, राज्याची भूमिका काय? उत्तर देणारा वकील एकटा, आणि त्याच्या हातात तीन प्रतिज्ञापत्रं. अशा वेळी सुनावणीआधी तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणं हे वकिलाचं काम आहे, आणि ते कोर्टातल्या युक्तिवादाहून अवघड आहे.

कांदळवनांच्या प्रकरणात हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला: तिवरांची तोड बंद, भराव बंद, आणि सरकारी जमिनीवरची तिवरं वनखात्याच्या ताब्यात. आदेश दोन ओळींत सांगता येतो, पण तो अमलात आणायला वर्षं लागली. जमीन महसूल खात्याच्या नावावर, काही सिडकोकडे, काही मिठागरांची, काही खासगी. तिवरं कुठे संपतात आणि चिखल कुठे सुरू होतो याचे नकाशे प्रत्येकाचे वेगळे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजणी झाली, अधिसूचना निघाल्या, २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल आला तेव्हा न्यायालयाने तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला मानला आणि भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. या तेरा वर्षांत अंतरिम आदेश टिकला, कारण वनखात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी तो स्वतःचा मानला. सरकारविरुद्धचा आदेश सरकारच्याच हाताला बळ देतो, हे ज्या अधिकाऱ्याला समजतं त्याच्यासाठी अभिप्राय लिहिण्यात खरा आनंद असतो.

याच्या अगदी उलट गत खासगी वनांची झाली. भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली पन्नासच्या दशकात मुंबईच्या उपनगरांतल्या जमीनमालकांना नोटिसा काढल्या होत्या. १९७५ च्या कायद्याने खासगी वनं राज्याकडे आली, आणि अशी नोटीस निघालेली जमीनही त्यात धरली गेली. मग नस्त्या मिटल्या. त्याच जमिनींवर राज्याच्याच यंत्रणांनी बांधकामाचे नकाशे मंजूर केले, इमारती उभ्या राहिल्या, हजारो कुटुंबांनी घरं घेतली. २००६ च्या सुमारास वनाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाली आणि एकच गदारोळ उठला. उच्च न्यायालयात २००८ मध्ये राज्य जिंकलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉइसच्या प्रकरणात तो निकाल फिरवला: नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे, आणि पन्नास वर्षं झोपून राहिल्यावर ती जागी करता येत नाही. त्या निकालाने वनप्रेमी निराश झाले. मला तो योग्य वाटला. राखायचं ते वेळेवर राखलं नाही तर कायदा पुस्तकात राहतो, आणि शेवटी भुर्दंड पडतो तो ज्याचा काही दोष नाही अशा घर घेणाऱ्याला.

विदर्भातल्या झुडपी जंगलाची कथा याच जातीची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरी झुडपी जंगल म्हणून नोंदलेली ८६,४०९ हेक्टर जमीन. खुरटी झुडपं, गुरं चरायची, गावाचं स्मशान, शाळा, नंतर सरकारी कचेऱ्या आणि वस्त्या. ही वनजमीन की महसुलाची, या प्रश्नावर किती अभिप्राय लिहिले गेले असतील याची गणती नाही. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच ठरवली. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वापराला केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली, आणि त्यानंतर जमीन देणाऱ्या अधिकाऱ्यांवर मात्र कारवाई अपेक्षित धरली. जवळजवळ तीन दशकांपूर्वीची ती तारीख अशी परत पुढे आली. ज्याने तेव्हा नस्तीवर ‘आधी केंद्राची मंजुरी घ्यावी’ एवढं लिहून ठेवलं, त्याने आपल्या अधिकाऱ्याला किती मोठ्या संकटातून वाचवलं ते आता कळतं.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा, पुण्याचं पश्चिम विभागाचं पीठ २०१३ पासूनचं. तिथे न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य बसतो, आणि ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ या वाक्यावर तो समाधान मानत नाही. नदीत सोडलेल्या पाण्याचा जैविक प्राणवायू मागणीचा आकडा किती, नमुना कुठे घेतला, असं थेट विचारतो. खात्यांचे अभियंते त्यामुळे अधिक तयारीने यायला लागले, हे मान्य करायला हवं. मात्र तिथली एक सवय मला कधीच रुचली नाही. मूळ अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, वर साठ दिवसांची सवलत. अपिलाला तीस दिवस आणि वर साठ. नदी काळी झाली म्हणून गावकरी आला की राज्याचं पहिलं उत्तर मुदत संपल्याचं. कायद्याने तो आक्षेप घेता येतो. विश्वस्ताने तो सगळ्यात आधी घ्यावा का, यावर माझं उत्तर नाही असं आहे, आणि तसं मी वेळोवेळी लेखी दिलं.

वकिलाने सरकारच्या वतीने काय बोलू नये, याचा एक प्रसंग साऱ्या राज्याने पाहिला. मी त्या प्रकरणात नव्हते. ध्वनिप्रदूषणाच्या याचिकांवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने शांतता क्षेत्रांचे नियम बदलले, आणि सुनावणी सुरू असताना राज्याने न्यायमूर्तींवरच पक्षपाताचा आरोप करून प्रकरण दुसरीकडे नेण्याची मागणी केली. वकीलवर्गातून संताप उसळला आणि थोड्याच दिवसांत राज्याने माफी मागितली. सूचना आल्या म्हणून सगळं बोलायचं नसतं. सनद आपली असते, खात्याची नव्हे.

या तीस वर्षांतला खरा बदल माझ्या मते नस्तीवरच्या प्रश्नात झाला. सुरुवातीला प्रश्न यायचा: या कामास परवानगी लागेल काय? पुढे पुढे प्रश्न येऊ लागला: काम पूर्ण होत आले आहे, न्यायालयात भूमिका कशी मांडावी? गोव्यातही हेच झालं. तिथल्या खनिजपट्ट्यांची मुदत २००७ मध्ये संपली होती असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सांगितल्यावरही राज्याने घाईघाईने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं; फेब्रुवारी २०१८ मध्ये ते सगळं रद्द झालं. मोपा विमानतळाची मंजुरी २०१९ मध्ये काही काळ थांबली, कारण अर्जात परिसराची माहिती अपुरी दिली होती.

आणि मग मागाहून मंजुरी. २०१७ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून पूर्वमंजुरीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना नंतर मंजुरी घेण्याची मुभा दिली, २०२१ मध्ये त्याची कार्यपद्धती ठरवली. मधल्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अलेम्बिक प्रकरणात म्हटलं होतं की मागाहून मंजुरी ही कल्पनाच या कायद्याशी विसंगत आहे. तरीही मुभा चालू राहिली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ती अधिसूचना आणि ते परिपत्रक दोन्ही रद्द केलं. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्या सुनावणीसाठी पाठवलं. न्यायमूर्ती भुयान आपल्या मताला चिकटून राहिले.

बहुमताने पुढे ठेवलेलं कारण हलकं नाही: सुमारे वीस हजार कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. उभं रुग्णालय पाडा असं कुणीही आनंदाने म्हणणार नाही. पण त्या वीस हजार कोटींतला प्रत्येक प्रकल्प एकेकाळी कोऱ्या जमिनीवर होता, आणि बहुतेक सरकारी खात्यांचे होते. तेव्हा मंजुरीचा विषय निघाला नसेल हे मला पटत नाही. या खात्यांना सल्लागार असतात, आणि १९९४ पासून, पुढे २००६ च्या अधिसूचनेपासून, नियम उघड आहे.

म्हणून नव्या सुनावणीत सरकारी बाजूने उभं राहणाऱ्यांनी खर्चाच्या आकड्यांबरोबर त्या जुन्या नस्त्याही न्यायालयापुढे ठेवाव्यात अशी माझी मागणी आहे. वकिलाचा सल्ला गोपनीय असतो हे खरं, पण ती गोपनीयता अशिलाची असते आणि सरकार ती सोडू शकतं. अभिप्राय कोणत्या तारखेला मागवला, काय लिहून आलं, पहिली कुदळ कधी पडली आणि त्या अभिप्रायावर कुणी काय शेरा मारला, हे एकदा दिसू द्यावं.