आम्लयुक्त स्वच्छकांची घडण : क्षारथर व गंज यांच्या संदर्भात

वारंगा फाटा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) हा परिसर दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. अशा प्रदेशातील कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापताच त्याचे अविद्राव्य कार्बोनेट बनून भांड्यांवर व हीटरवर पांढरा थर बसतो.

हा थर काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल सर्रास वापरले जाते. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळविण्यास ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड पुरते. परंतु थर संपताच तेच आम्ल लोखंडाचे क्षरण करू लागते. म्हणून स्वच्छकाची गुणवत्ता आम्लाच्या तीव्रतेवर नव्हे, तर धातू राखून थर काढण्याच्या क्षमतेवर ठरते.

घरगुती क्षारथरासाठी सौम्य सायट्रिक किंवा घनरूप सल्फॅमिक आम्ल सोयीचे ठरते. गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल उपयुक्त असून ते लोखंडावर फॉस्फेटचा संरक्षक पापुद्रा निर्माण करते. हेक्झामाइनसारखा निरोधक धातूवर अधिशोषित होऊन क्षरण मंदावतो. अल्प पृष्ठसक्रिय द्रव्यामुळे द्रावण फटींत पोहोचते.

मराठवाड्यात सर्वत्र आढळणारी शहाबादी फरशी स्वतःच चुनखडक आहे. त्यामुळे कोणतेही आम्ल थराबरोबर फरशीही खाते. जस्ताचा मुलामा व ॲल्युमिनियम यांनाही अशीच हानी पोहोचते. द्रावण तयार करताना पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे. ब्लीचिंग पावडरशी आम्लाचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. सारांश, पृष्ठभाग ओळखल्याशिवाय आम्लाची निवड करणे शास्त्रीय ठरत नाही.