चिठ्ठी आणि टोपली

समजा, वसईजवळील गास गांवच्या बागायतदारानें दादरच्या अडत्याकडे चिठ्ठी व फुलांची टोपली एकाच खेपेस धाडिली. पण हमालानें चिठ्ठी आधीं पोंचविली व टोपली मागाहून. अडत्याचा नियम असा कीं, नुसती चिठ्ठी आली तर वहींतून नांव खोडावें. मग मागाहून आलेल्या टोपलीची ओळखच उरत नाहीं.

संगणकांतहि असेंच घडूं शकतें. कोणती प्रणाली सुरू करावयाची इत्यादि नोंदी फर्मवेअर आपल्या टिकाऊ स्मृतींत ठेवितें. लिनक्सनें २०१३ मध्यें ‘ईएफआयव्हारएफएस’द्वारां त्या नोंदींस फाइलींचें रूप दिलें. प्रत्येक लेखनाचे पहिले चार बाइट गुणधर्मांचे, म्हणजे चिठ्ठी, उरलेले मजकुराचे. मजकूर नसेल तर नोंद पुसली जाते.

दोन जागीं ठेविलेले भाग एकाच आज्ञेनें लिहिणें, यास ‘व्हेक्टर्ड राइट’ म्हणतात. फाइल-व्यवस्थेस ही आज्ञा ठाऊक नसेल तर लिनक्स एकेक तुकडा स्वतंत्रपणें देतें. पहिल्या चार बाइटांनीं नोंद पुसली जाते. पुढील मजकुराचा आरंभ गुणधर्म म्हणून वाचला जाऊन बहुधा नाकारला जातो. नोंद प्रारंभाची असेल, तर यंत्र आपली प्रणालीच विसरूं शकेल.

उपाय सरळ आहे: सारे तुकडे प्रथम एकत्र जुळवावे आणि फर्मवेअरला एकदांच सांगावें.