अटकेची नोंद शोधायची कुठे?

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी झाशीतच राहिलो. त्यामुळे या बाजूला कुणाचं काही अडलं की मराठी माणसं मला फोन लावतात. एकदा रात्री अकराला पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. "भाच्याला झाशीत पोलिसांनी धरलंय म्हणे. कुठलं ठाणं, कशासाठी, काहीच कळत नाही. बघाल का जरा?"

मी पहिला प्रश्न केला, अटक झालीय की नुसतं चौकशीला नेलंय? तुम्हाला वाटेल हा शब्दांचा खेळ आहे, पण तसा तो नाही. मार्च २०२१ मध्ये उत्कल एक्सप्रेसमधून दोन ख्रिस्ती जोगिणी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन तरुणींना झाशी स्टेशनवर उतरवून चौकशी झाली. तक्रारीत तथ्य नाही असं दिसल्यावर त्यांना सोडलं. अशा माणसाचं नाव अटकेच्या यादीत येतच नाही. ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद असू शकते. आपल्याकडे त्याला स्टेशन डायरी म्हणतात, इकडे जीडी.

अटक झाली असेल तर मात्र कागद झालाच पाहिजे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं. अटकेचा मेमो करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची, एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यायची. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला बारा तासांत कळवायचं. नातेवाईक परगावी असतील तर जिल्ह्यातल्या कायदेविषयक मदत संस्थेमार्फत आणि त्यांच्या भागातल्या ठाण्यामार्फत आठ ते बारा तासांत निरोप पोचवायचा. म्हणजे पुण्याच्या मामांना फोन येणं ही मेहेरबानी नव्हती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम ३७ लिहून ठेवा. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात एक नेमलेला अधिकारी हवा, दर्जा सहायक उपनिरीक्षकाहून कमी नको. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने ठेवायचं आणि ते ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, डिजिटल फलकावर लावलं तरी चालतं. कलम ४८ प्रमाणे कुणाला कळवलं, याचीही नोंद वहीत करायची. तेव्हा ठाण्यात गेल्यावर "साहेब, आमचा मुलगा इथे आहे का?" असं अजिजीने विचारत उभं राहू नका. "कलम ३७ची यादी दाखवा" म्हणा. आवाज न चढवता म्हणा, एवढंच.

पण ठाणं कुठलं? झाशीत कोतवाली, नवाबाद, सीपरी बाजार, सदर बाजार अशी बरीच ठाणी आहेत. गाडीत किंवा फलाटावर प्रकार घडला असेल तर रेल्वे पोलीस, म्हणजे जीआरपी. त्यांचं ठाणं वेगळं आणि वरिष्ठही वेगळे. त्यात झाशीला तिन्ही बाजूंनी मध्य प्रदेश चिकटलेला. ओरछा शहरापासून वीसेक किलोमीटरवर असेल, पण जिल्हा निवाडी, राज्य दुसरं, पोलिसांची वेबसाइटही दुसरी.

वेबसाइटचं म्हणाल, तर नाव टाकलं आणि देशभरातली अटक समोर आली, अशी सोय सामान्य माणसाला नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडून अटक आरोपींची यादी बघता येते. उत्तर प्रदेशात 'यूपीकॉप' ॲपवर एफआयआर मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकायची असते. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील विषय त्यातून वगळले आहेत. अल्पवयीन मुलाचं नाव कुठेही जाहीर करता येत नाही, ते शोधतही बसू नका. एफआयआरचा क्रमांक हाती आला की ई-कोर्ट्सवर राज्य, जिल्हा आणि ठाणं निवडून पुढचा खटला सापडतो.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायलाच हवं. म्हणून यादीत नाव नाही मिळालं तर सकाळी सरळ न्यायालय गाठा. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, मोफत वकील मिळतो, फोन १५१००. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. तरीही पत्ता लागत नसेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण, इथल्यासाठी अलाहाबाद.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की अटकेची कारणं त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. हिंदी कागद कळत नसेल तर मुलाने तिथेच तसं सांगावं, न कळता सही करू नये.

भाचा झाशीत नव्हताच. ओरछ्याला फिरायला गेला होता, तिथे मारामारीत सापडला. मित्राच्या लेखी सगळीच झाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सीमेपलीकडच्या ठाण्यात पोचलो तेव्हा यादीत नाव होतं, मेमोवर सही होती. कुणाला कळवलं त्या रकान्यात मामांचा नंबरही होता, फक्त शेवटचे दोन आकडे उलटे. मोबाइल जप्त झालेला, पोराने आठवून सांगितला होता. हवालदाराने तीनदा लावला, तो नागपूरच्या कुठल्याशा बाईंना लागत होता.